"तो काळच तसा होता" हे रॉबर्ट कार्टरसमोर टिकत नाही

मागच्या उन्हाळ्यात बाबा इकडे व्हर्जिनियात आले होते तेव्हा त्यांना माउंट व्हर्ननला घेऊन गेलो, वॉशिंग्टनचं घर, इकडे आईवडील आले की सगळेच मराठी लोक नेतात तसं. घर बघून झालं, पोटोमॅक नदी बघून झाली, मग गुलामांच्या खोल्या बघितल्या, भिंतीला लागून लाकडी फळ्यांच्या झोपायच्या जागा, एकावर एक. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "अरे पण तो काळच तसा होता ना, त्यांना तरी काय दोष द्यायचा."

बाबा निवृत्त तलाठी आहेत, आयुष्यभर कुणावर आवाज चढवला नाही, आणि हे वाक्य ते चांगुलपणातून बोलले हे मला माहितीये. पण हेच वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, इथल्या गोऱ्या शेजाऱ्यांकडून, मुलीच्या शाळेतल्या पालकांकडून, आपल्या मंडळाच्या गप्पांमध्येसुद्धा, की आता मला ते गप्प बसून ऐकून घेता येत नाही. कारण हे वाक्य खोटं आहे आणि ते खोटं आहे याचा कागदोपत्री पुरावा आहे. त्या पुराव्याचं नाव रॉबर्ट कार्टर तिसरा. वॉशिंग्टनचा जन्म ज्या वेस्टमोरलँड काउंटीत झाला तिथलाच हा मळेवाला, आणि व्हर्जिनियाच्या कायदेमंडळाच्या वरच्या सभागृहात म्हणजे गव्हर्नरच्या कौन्सिलमध्ये बसणारा माणूस.

आधी हा कोण ते सांगतो, कारण नाव ऐकलेले लोक फार कमी. याच्या आजोबांना लोक 'किंग' कार्टर म्हणायचे, १७३२ साली वारले तेव्हा तीन लाख एकराच्या आसपास जमीन आणि शेकड्यांनी गुलाम मागे ठेवून गेले, व्हर्जिनियात त्यांच्याएवढा श्रीमंत माणूस नव्हता. त्याच वर्षी वडीलही गेले. हा तेव्हा चार वर्षांचा. म्हणजे ज्या वयात पोराला चपलेचा पट्टा लावता येत नाही त्या वयात हा शेकडो माणसांचा मालक होण्याच्या रांगेत उभा होता. पुढे विल्यम अँड मेरी कॉलेज, मग लंडनला इनर टेंपलमध्ये कायदा शिकायला गेला आणि वकील न होताच परत आला. १७५४ मध्ये मेरीलँडच्या बड्या घरातल्या फ्रान्सेस टास्करशी लग्न, सतरा मुलं. हाउस ऑफ बर्जेसेसची म्हणजे खालच्या सभागृहाची निवडणूक दोनदा लढला आणि दोन्ही वेळा पडला, मग १७५८ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या नेमणुकीने थेट कौन्सिलवर गेला. बारा जणांची सभा, तेच कायदेमंडळाचं वरचं सभागृह, तेच वसाहतीचं सगळ्यात वरचं कोर्ट. 'कौन्सिलर कार्टर' हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

साठ-सत्तर हजार एकर जमीन होती त्याच्याकडे आणि मळ्यांना त्याने राशींची नावं दिली होती, सिंह, तूळ, कुंभ, कर्क, वृषभ. स्वतः नोमिनी हॉलमध्ये राहायचा. संगीताचं वेड, घरात हार्पसिकॉर्ड होतं, बेंजामिन फ्रँकलिनने शोधलेलं काचेच्या वाट्यांचं वाद्यही होतं. आणि मळ्यांवर तंबाखू. आमचं आजोळ कागल-निपाणी पट्ट्यातलं आहे म्हणून मला तंबाखूचं काम माहितीये, रोपं लावा, शेंडा खुडा, बगलेतले फुटवे काढा, अळ्या एकेक करून हाताने वेचा, बोटांना तो काळा चिकट चीक लागतो तो साबणाने जात नाही. मजुरी घेऊन केलं तरी जीव काढणारं काम आहे. हे मजुरीशिवाय, जन्मभर, आणि आपल्या मागे आपल्या पोरांनीही तेच करायचं हे माहीत असताना करायचं म्हणजे काय असेल.

१७७३ च्या शेवटी प्रिन्स्टनहून शिकून आलेला फिलिप फिदियन नावाचा तरुण कार्टरच्या मुलांना शिकवायला नोमिनी हॉलवर राहायला आला आणि वर्षभर रोजनिशी लिहीत राहिला. ती माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. त्याने लिहून ठेवलंय की या भागात कार्टर हा गुलामांशी सगळ्यात माणुसकीने वागणारा मालक समजला जातो, आणि त्याच्या पुढेमागेच लिहिलंय की कार्टरकडे घरातली चारदोन लाडकी माणसं सोडली तर माणशी आठवड्याला एक पेक मका आणि एक पौंड मांस मिळतं. मी हिशोब केला. एक पेक म्हणजे साधारण सहा किलो दाणे, दिवसाला साधारण नऊशे ग्रॅम, आणि मांस दिवसाला पासष्ट ग्रॅम. बस. सूर्य उगवायच्या आधीपासून वावरात उभ्या माणसाला एवढंच, आणि हा सगळ्यात दयाळू मालक.

त्याच फिदियनने स्वतः ऐकलेली एक गोष्ट लिहिलीये. त्या परिसरातल्या एका मळ्यावरचा मुकादम फुशारकी मारत सांगत होता की हट्टी किंवा आळशी गुलामाला वठणीवर कसं आणायचं. कपडे काढून खांबाला बांधायचं, घोड्याला करतात त्या धारदार खराऱ्याने अंग खरवडायचं, मग एका पोराला बोलावून वाळल्या गवताने घासायला लावायचं आणि वर मीठ चोळायचं.  पण माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. फिदियनने तिथेच, त्याच काळात बसून, त्या मुकादमाला अमानुष म्हटलंय. म्हणजे तिथेसुद्धा कळत होतं. अडीचशे वर्षांनी आपल्याला कळलं असं नाही, तेव्हाही कळत होतं.

आणि मोठ्या लोकांना तर पक्कं कळत होतं. पॅट्रिक हेन्री, स्वातंत्र्य द्या नाहीतर मरण द्या म्हणणारा म्हणून ज्याला इथली शाळकरी पोरं ओळखतात, त्याने जानेवारी १७७३ मध्ये एका क्वेकर माणसाला, म्हणजे गुलामगिरीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या माणसाला, पत्र लिहिलं. मी स्वतः गुलाम विकत घेतलेत, त्यांच्याशिवाय राहणं गैरसोयीचं आहे म्हणून ओढला जातो, याचं समर्थन मी करणार नाही, करूच शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. जॉर्ज मेसन, ज्याने १७७६ चा व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा लिहिला, तो १७८७ च्या घटना परिषदेत उभा राहून म्हणाला की गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतःच छोटा जुलमी असतो. अगदी बरोबर बोलला. आणि स्वतःच्या गुलामांपैकी कुणाला मोकळं केलं नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनचं तर सगळ्यांना माहीत आहे, आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती, जिवंतपणी दोघांना सोडलं आणि मृत्युपत्रात पाच. मग काळ तसा होता म्हणजे नक्की काय होतं? कळत नव्हतं असं तर नव्हतं, गैरसोय होत होती एवढंच होतं.

आता कार्टरकडे परत येतो. हा सुरुवातीपासून वेगळा होता असं मला अजिबात सांगायचं नाहीये. १७२३ च्या कायद्याप्रमाणे व्हर्जिनियात मालकालाही आपला गुलाम स्वतःच्या मर्जीने सोडता येत नव्हता, त्या गुलामाने काहीतरी मोठी कामगिरी केली असेल तरच आणि तेही गव्हर्नर आणि कौन्सिलने मान्य केलं तर. कौन्सिल म्हणजे कोण, तर हाच. दार ज्याच्या हातात होतं त्या बारा जणांपैकी हा एक, आणि वर्षानुवर्षं त्या खुर्चीवर बसला. १७७५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या राजाचा गव्हर्नर डनमोर याने राजाविरुद्ध बंड केलेल्या मालकांचे गुलाम आमच्या सैन्यात आले तर मुक्त करू असं जाहीर केलं तेव्हा लोक जीव धोक्यात घालून होड्यांतून पळत होते, कार्टरचा सख्खा काका लँडन कार्टर, तोही मळेवाला आणि जुना बर्जेस, त्याच्याकडून १७७६ मध्ये आठ जण पळाले आणि त्याने ते रोजनिशीत चडफडत लिहिलंय. आणि आपल्या या रॉबर्ट कार्टरने त्या वेळी आपल्या लोकांना गोळा करून सांगितलं की डनमोरकडे जाऊ नका, तो तुम्हाला वेस्ट इंडीजमध्ये विकेल. म्हणजे तेव्हा तोही मालकच होता, बाकीच्यांसारखा.

आणि इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. 'तो काळ' म्हणताना आपण फक्त मालकांना धरतो. होड्यांतून पळणारे ते आठ जण त्या काळात नव्हते का? १७९० च्या जनगणनेत एकट्या व्हर्जिनियात २,९२,६२७ गुलाम होते. त्यांचं मत विचारलं असतं तर त्या काळाचं मत काय निघालं असतं? काळ काही मळेवाल्यांच्या मालकीचा नव्हता.

मग १७७७ मध्ये कार्टरने देवीची टोचणी घेतली. तेव्हाची टोचणी म्हणजे खरी देवीच अंगात सोडायची, माणूस तापाने फणफणायचा, कधी मरायचाही. त्या तापात त्याला काहीतरी दिसलं, जाणवलं, देवाच्या कृपेचा प्रकाश असं त्याने म्हटलंय. पुढच्या वर्षी तो बॅप्टिस्ट झाला. आजच्या माणसाला यात विशेष काय असं वाटेल, पण तेव्हा बॅप्टिस्ट म्हणजे खालच्या लोकांचा पंथ, त्यांच्या उपदेशकांना व्हर्जिनियात तुरुंगात टाकत होते, आणि तो ज्या मोरॅटिको चर्चमध्ये गेला तिथे गोरे आणि काळे, मालक आणि गुलाम एकाच मंडळीचे सभासद. किंग कार्टरचा नातू तिथे जाऊन बसला. एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणणाऱ्या लोकांमध्ये. मला वाटतं बदल तापाने झाला नाही, या बसण्याने झाला. दर आठवड्याला ज्याच्या शेजारी बसून प्रार्थना करतो त्याला सोमवारी मालमत्तेच्या यादीत लिहिणं पुढे पुढे जड गेलं असणार. हे माझं मत आहे, पण पुढच्या गोष्टी बघितल्या तर मला दुसरं कारण पटत नाही.

१७८२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा बदलला, मालकाला आता स्वतःच्या सहीने गुलाम मोकळा करता येणार होता, अट एवढीच की म्हातारे, अपंग आणि अल्पवयीन यांना सोडलं तर त्यांचा सांभाळ मालकाने करायचा. म्हणजे मेसनला, जेफरसनला, हेन्रीला, सगळ्यांना दार उघडं झालं. आणि इथून काळ तसा होता याचा शेवटचा आधारही जातो, कारण आता कायद्याचाही अडसर उरला नव्हता. काही जणांनी सोडलेही, मुख्यतः क्वेकर आणि मेथडिस्ट लोकांनी.

१ ऑगस्ट १७९१. कार्टर त्रेसष्ट वर्षांचा. त्याने एक दस्त केला, डीड ऑफ गिफ्ट, आणि सप्टेंबरमध्ये तो कोर्टात नोंदवला. त्यात ४५२ माणसांची यादी. कारण अगदी दोन ओळींत लिहिलंय, यांना गुलामीत ठेवणं धर्म आणि न्यायाच्या खऱ्या तत्त्वांविरुद्ध आहे याची मला काही काळापासून खात्री झालीये आणि म्हणून यांना मुक्त करणं माझं कर्तव्य आहे. मग लगेच वेळापत्रक. दर वर्षी २ जानेवारीला पंधरा जण, वयाने थोरले आधी. पोरं असतील तर मुलगा एकविसाव्या वर्षी, मुलगी अठराव्या. गुलामीत जन्माला येणाऱ्या मुलांसाठीही तेच. ही यादी पुढे वाढत गेली आणि कार्टर गेल्यानंतरही कितीतरी वर्षं माणसं सुटत राहिली, एकूण पाचशेच्या वर. १८६१ च्या यादवी युद्धाआधी अमेरिकेत एका माणसाने केलेली ही सगळ्यात मोठी मुक्तता समजली जाते.

हे गोड गोड झालं नाही. एका शेजाऱ्याने निनावी पत्र पाठवलं की आपल्या घराला आग लावून शेजाऱ्याचं घर जळू देण्याचा जेवढा हक्क माणसाला आहे साधारण तेवढाच आपले गुलाम सोडण्याचा आहे. घरचे विरोधात गेले, कोर्टकचेऱ्या झाल्या. १७९३ मध्ये हा नोमिनी हॉल सोडून बाल्टिमोरला राहायला गेला तो परत आला नाही, आणि आपल्या मागे घरचे हे बंद पाडतील हे ओळखून बेंजामिन डॉसन नावाच्या बॅप्टिस्ट उपदेशकाच्या हातात सगळे अधिकार दिले, एक डॉलर घेऊन. एवढ्या मोठ्या घराण्याच्या माणसाला आपल्या मुलांपेक्षा तो डॉसन भरवशाचा वाटला. शेवटी मुलीला लिहिलेल्या पत्रात म्हणतो की माझे बेत आणि माझा सल्ला जगाला कधीच आवडला नाही. १८०४ मध्ये गेला.

लोक यावर म्हणतात की वॉशिंग्टननेही सोडले. हो, मृत्युपत्रात, त्याच्या स्वतःच्या मालकीचे १२३, आणि माउंट व्हर्ननवरची बाकी बरीच माणसं बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली होती, ती कायद्याने त्याला सोडता येत नव्हती, हे मी मान्य करतो आणि त्याने केलं ते छोटं समजत नाही. जेफरसन कर्जात होता असंही म्हणतात. होता. पण कर्ज असताना घर पाडून पुन्हा बांधलं, फ्रान्सहून वाइन मागवली, आणि ते सगळं ज्यांच्या जिवावर चाललं त्यांच्यासाठी मात्र कर्ज आड आलं. कार्टर श्रीमंत होता म्हणून त्याला जमलं, हाही एक युक्तिवाद. मग मेसन गरीब होता का?

कार्टरला संत करायचं नाहीये मला. वेळापत्रक संथ होतं, ज्याची पाळी दहा वर्षांनी होती तो नवव्या वर्षी मेला तर गुलाम म्हणूनच मेला. इतक्या वर्षांच्या कामाची मजुरी त्याने कुणाला हिशोब करून दिली नाही, काही जणांना जमिनी खंडाने करायला दिल्या एवढं केलं. आणि १८०६ मध्ये कायदेमंडळाने पुन्हा कायदा केला की मुक्त झालेल्याने बारा महिन्यांत राज्य सोडून जावं, म्हणजे जे दार उघडलं होतं ते परत ओढून घेतलं. हे सगळं सांगितलंच पाहिजे. पण मेसनच्या घरात फिरवताना त्याचा जाहीरनामा दाखवतात, मोंटिचेलो या जेफरसनच्या घरी त्याचं टेबल दाखवतात, आणि त्याच पिढीतल्या, त्याच वर्गातल्या, त्याच कायद्याखालच्या माणसाने हे करून दाखवलं हे त्याच वेळी त्याच दमात सांगितलं जावं ही माझी मागणी आहे. शाळेत तर नक्कीच. माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत व्हर्जिनियाचा इतिहास शिकते, तिने विचारलं की मग त्या मालकांना गुलाम सोडता आले असते का, तर उत्तर "ते गुंतागुंतीचं होतं" असं नको, "हो, आले असते, ही बघ यादी" असं पाहिजे. आपल्या फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त करण्याचं काम केलं त्यांना. अमेरिका न बघता पुण्यात बसून त्यांना बरोबर कळलं होतं की मान कुणाला द्यायचा.

बाबांना मी हे सगळं त्या दिवशी गाडीतच सांगितलं, जमेल तसं. नंतरच्या रविवारी आम्ही लीसबर्गजवळ ओटलंड्सला गेलो, इथल्या आपल्या बऱ्याच लोकांचं जाणं होतं तिथे, बाग सुंदर आहे. ते घर बांधलं जॉर्ज कार्टरने, या रॉबर्टच्या मुलाने. ज्या मुलाला गुलामगिरीच्या वातावरणापासून लांब ठेवायचं म्हणून बापाने शिकायला ऱ्होड आयलंडला पाठवलं होतं, तोच. बापाकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने पुन्हा गुलाम आणून मळा उभा केला आणि यादवी युद्धाच्या तोंडावर तिथे शंभराहून जास्त माणसं गुलामीत होती, त्या काउंटीत सगळ्यात जास्त. बाबांनी विचारलं, "मग बापाचं घर कुठाय?" म्हटलं ते १८५० ला जळालं. "समाधी?" म्हटलं नोमिनी हॉललाच पुरलंय पण वर खूण नाही.

घरी आल्यावर त्यांनी तो दस्त बघायला मागितला. इंग्रजी त्यांना बेताचं येतं पण यादी वाचायला इंग्रजी लागत नाही, नाव, वय, कुठल्या मळ्यावर. मी प्रिंट काढून दिली. चष्मा लावून, बोट ठेवून ते एकेक ओळ खाली सरकत होते, सातबारा तपासायचे तसेच. मध्येच म्हणाले, "वयं घातलीत रे याने. भाषणात कुणी वयं घालत नाही. वय घातलं म्हणजे तारीख काढायची होती." मग पेन्सिल मागितली आणि समासात प्रत्येकाच्या नावापुढे सुटकेचं साल मांडायला लागले.